दोर, करवंदे आणि सुटीचा एक आठवडा

उन्हाळ्याच्या सुटीचे काय करावे, हा प्रश्न पूर्वी मुलांना पडत नसे. हल्ली तो पालकांना पडतो, व त्याचे उत्तर ते शिकवणीच्या वर्गात शोधतात. वैशाखात जेथे भर दुपारी पाखरूही बाहेर पडत नाही, अशा आमच्या निमगाव केतकीतूनही मुले दप्तरे घेऊन बारामती-इंदापूरच्या गाड्या धरताना दिसतात. प्रस्तुत लेखकाचे मत असे की, ह्या सुटीतला निदान एक आठवडा आपल्या शाळेने मागून घ्यावा, आणि त्यात वाखाचे दोर वळणे, रानमेवा वेचणे व त्याचा जाम करणे एवढेच शिकवावे. परंतु ते कोणी शिकवावे, ह्यावरच त्या आठवड्याची सारी किंमत अवलंबून आहे.

केतकी हे नाव आपण केवड्यास देतो, तसेच बांधावरच्या घायपातासही देतो. कोणी त्यास केकताड म्हणतात. हे झाड मूळचे अमेरिका खंडातले, पण आपल्या अवर्षणाच्या माळावर ते घरचे होऊन बसले आहे. त्याची पाने कापावी, काटे तासावे, पाने चेचून पाण्यात कुजत घालावी, मग धोपटून, धुऊन वाळवावी, म्हणजे पांढरा वाख हाती येतो. सांगावयास किती सोपे! गेल्या वर्षी आम्ही पुस्तकात वाचून हा प्रयोग घरी केला. पानांच्या रसाने हात कोपरापर्यंत खाजत राहिले, कुजक्या वासाने शेजारी रुष्ट झाले, आणि दोर म्हणून जे काही वळले ते एखाद्या करडानेही तोडले असते. अखेर मातंग समाजातील एका वृद्ध गृहस्थांकडे गेलो. त्यांनी तो दोर हातात घेतला, सहज उलगडला व म्हणाले, "मास्तर, सगळा पीळ एकाच अंगानं दिला तर सुटणारच की! पेडाला एका अंगानं पीळ द्यायचा, आन् पेड एकत्र वळताना उलटा." पेड उलगडू पाहतात त्यानेच दोर अधिक आवळला जातो, हे त्यांनी दोन मिनिटांत हातांनी दाखविले. शास्त्राच्या तासाला आम्ही असे काही शिकविल्याचे आम्हांस स्मरत नाही.

हे ज्ञान गावात पिढ्यान्‌पिढ्या होते. दावी, कासरे, शिंकी, मोटेचे नाडे, सर्व ह्याच हातांनी पुरविले व त्याबदल्यात खळ्यावरचे बलुते घेतले. ज्या नाड्याने विहिरीचे पाणी वर आले, तो वळणाऱ्यास त्याच विहिरीवर चढू दिले जात नसे. पुढे मोटा गेल्या, पंप आले; नायलॉनची दोरी बाजारात स्वस्त मिळू लागली. त्या घरांतील मुलांनी हा धंदा टाकला, ह्यात नवल नाही आणि आम्हांस खेदही नाही. त्यांनी पुन्हा दोरच वळावेत, असे कोणी सुचवील तर आम्ही त्यास प्रथम विरोध करू. आमचे म्हणणे उलट आहे: वाख आता इतरांच्या मुलांनी चेचावा. शिकविणारे ते वृद्ध गृहस्थ असावेत, त्यांस शिक्षकाची खुर्ची व शिक्षकाच्या दराने मानधन मिळावे, आणि ज्या पालकांना आपल्या मुलाने हे काम करू नये असे वाटते, त्यांच्या मुलास जामाच्या पातेल्यापाशीही स्थान नसावे.

कारण दुसरे काम गोड आहे, आणि तेथे गर्दी होईल. आमच्याकडे करवंदीच्या जाळ्या विरळ. खरी करवंदे भोर, मुळशीच्या डोंगरांतली. ओढ्याकाठी जांभळे मात्र मे सरता सरता पिकू लागतात. दोन्ही फळांत रस गोठविणारे द्रव्य, ज्यास पेक्टिन म्हणतात, ते भरपूर असते, म्हणून बाहेरून काही घालावे लागत नाही. गराच्या वजनाइतकी साखर घालून आटवावे. उष्णतामापक 105 अंश सेंटिग्रेड दाखवू लागला, किंवा पळीवरून थेंब न गळता पापुद्र्यासारखा ओघळू लागला, की जाम उतरवावा. वालचंदनगरचा साखर कारखाना आपल्याच तालुक्यात 1930च्या दशकात उभा राहिला, चहूकडे ऊस आहे. तरी साखर फळातले पाणी अडवून ठेवते म्हणून जंतूंना ते मिळत नाही व जाम टिकतो, हे उसाच्या शेतात वाढलेल्या मुलांना ठाऊक नसते.

मुलींनी जाम करावा व मुलांनी दोर वळावा, अशी वाटणी आपोआप होईल. ती होऊ देऊ नये. आपल्याच जिल्ह्यात केडगावी पंडिता रमाबाईंनी 1896-97च्या दुष्काळातून वाचलेल्या मुलींना विणकाम शिकविले, तसेच छापखाना चालविण्यासही शिकविले. उलट 1937च्या वर्धा परिषदेनंतर हस्तोद्योग पुष्कळ शाळांत आला, पण कित्येक ठिकाणी टकळी हा केवळ एक कंटाळवाणा तास होऊन बसला. शिकविणाऱ्यालाच जे येत नाही, त्याची गोडी मुलांना कोठून लागणार?

"शाळेत येऊन शिकवाल का?" असे आम्ही त्या गृहस्थांस विचारले. "येईन की," ते म्हणाले, "पण पानं आठ दिवसांत कुजायची न्हाईत. खड्डा आधीच भराया पायजे, आन् पिण्याच्या पाण्यापासनं लांब." तेव्हा मुख्याध्यापकांस आमची विनंती एवढीच की, परवानगी द्यावयाची असल्यास एप्रिल संपण्यापूर्वी द्यावी.