बराकीतला पंखा
सरकारी कचेरीतली वीज दिवसाचे सात-आठ तास वापरली जाते, तुरुंगातली चोवीस तास. बराकीत पहाऱ्यासाठी रात्रभर दिवा जळतोच, आणि वैशाखात पंखा क्षणभरही थांबत नाही. म्हणून ऊर्जाबचतीची सुरुवात मंत्रालयाच्या दालनांतून नव्हे, तुरुंगांतून व्हायला हवी. हिशेब साधा आहे. जुना छताचा पंखा सुमारे ७५ वॅट वीज घेतो, म्हणजे अहोरात्र फिरला तर १.८ युनिट. बीएलडीसी मोटरचा पंखा ३० वॅटच्या आसपास भागवतो, म्हणजे ०.७२ युनिट. एका पंख्यामागे रोज एक युनिटाहून जास्त वाचते. कचेरीत आठ तासांत हीच बचत जेमतेम ०.३६ भरते. नळीदिव्यांचेही तेच. ४० वॅटची जुनी नळी आणि तिचा चोक यांच्या जागी २० वॅटची एलईडी नळी पुरते, शिवाय ती फडफडत नाही. त्याच उजेडात झोपावे लागणाऱ्या माणसासाठी ही लहान गोष्ट नाही. ऊर्जा संवर्धन कायदा २००१ सालचा, इमारतींसाठीची ऊर्जा संहिता २००७ सालची. पण संहितेचा रोख नव्या, मोठ्या बांधकामांवर राहिला आणि येरवड्यासारखे एकोणिसाव्या शतकातले जाड दगडी तुरुंग बाजूलाच पडले. खरी अडचण खरेदीत आहे. निविदेत सर्वांत कमी किमतीचा पंखा निवडला जातो आणि त्याचे वीजबिल पुढची दहा वर्षे वेगळ्याच तरतुदीतून भरले जाते. निविदा पंख्याच्या किमतीत दहा वर्षांचे बिल मिळवूनच ठरवावी. तोवर सार्वजनिक बांधकाम विभागाने जुन्या पद्धतीचा एकही नवा पंखा विकत घेऊ नये.