फुकटचे ॲप आणि घरची वही

दुधाचा हिशेब, मजुरांची हजेरी, फवारणीच्या तारखा मोबाईलच्या ॲपमध्ये लिहिणारी घरे आता पुष्कळ झाली. चांगलेच आहे. पण ॲप काढणारी कंपनी नवी असली, की ती बहुधा गुंतवणूकदारांच्या पैशावर चालते. तो पैसा आटला की दुकान बंद!

मोठ्यांचेही तेच. ऑर्कुट आठवते ना? गूगलने २००४ साली सुरू केले, आपल्या पोरांनी डोक्यावर घेतले आणि ३० सप्टेंबर २०१४ रोजी ते बंद झाले. फोटो उतरवून घ्यायला २०१६ पर्यंत मुदत होती. ज्यांनी घेतले नाहीत त्यांचे गेले. आता फोटो गेले तर हळहळ वाटते, एवढेच. पण निर्यातीच्या द्राक्षांना फवारणीची नोंद दाखवावी लागते. ती गेली तर माल अडतो.

तेव्हा ॲप घेताना घरातल्या जाणत्या मुलामुलीला एक विचारा: यातली नोंद बाहेर काढून कागदावर छापता येते का? येत नसेल तर फुकट मिळाले तरी मी ते घेणार नाही. येत असेल तर दर महिन्याला छापा आणि सातबाऱ्याच्या पिशवीत ठेवा.