सोळा तास म्हणजे नक्की किती?

अमेरिकेतल्या युनिव्हर्सिटीचं ॲडमिशन लेटर हातात पडलं की घरोघरी एक संवाद हमखास होतो. आई विचारते, 'एवढ्या लांब?' आणि आपण म्हणतो, 'अगं, डायरेक्ट फ्लाइट आहे. सोळा तासांत न्यूयॉर्क!' हे खोटं नाही, पण अर्धवट आहे.

मुंबई ते न्यूयॉर्क हवाई अंतर साधारण १२,५०० किलोमीटर. विमानाचा वेग ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास, म्हणजे हिशेबाने १४ तास. मग जाताना जास्त का लागतात? कारण उंचावर जेट स्ट्रीम नावाचे जोरदार वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. जाताना ते समोरून येतात, परतताना पाठीवर असतात. शिवाय सगळ्यात जवळचा मार्ग नॉर्वे-आइसलंडच्या बाजूने जातो, पण तो नेहमी मोकळा मिळतोच असं नाही. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपली हवाई हद्द बंद केली, तेव्हा दिल्लीहून अमेरिकेला जाणाऱ्या काही विमानांना वळसा घालून युरोपात इंधनासाठी थांबावं लागलं. अंतर तेच, वेळ मात्र वाढली.

आता खरा हिशेब मांडू. घर सांगलीत असेल तर मुंबईपर्यंत आठ तास. एअरपोर्टवर चार. विमानात सोळा. उतरल्यावर इमिग्रेशन आणि सामानाचे दोन. कॉलेज न्यूयॉर्क शहराबाहेर असेल तर बसचे आणखी पाच. झाले ३५ तास! घड्याळ मात्र फसवतं. रात्री दोनला निघालेलं विमान उन्हाळ्यात तिथल्या सकाळी साडेआठला उतरतं. वाटतं, साडेसहा तासच गेले.

एरवी हे ३५ तास जाणवत नाहीत. रोजच्या व्हिडिओ कॉलमुळे घर जवळच वाटतं. पण 'बाबांना ॲडमिट केलंय' असा फोन येतो, तेव्हा ते एकेक करून मोजावे लागतात. तेही तिकीट लगेच मिळालं तर!

म्हणून जाऊ नका, असं आम्ही मुळीच म्हणत नाही. जरूर जा. पण बॅगेचं वजन करतो तसा हा हिशेबही निघण्याआधी घरच्यांसोबत बसून करा. अचानक यायची वेळ आली तर तिकिटाचे पैसे कुठून येतील? रात्री-अपरात्री आई-बाबांकडे पहिलं कोण धावेल: मावशी, शेजारचे काका की गावातला मित्र? तिथे गेल्यावर पासपोर्ट, व्हिसाच्या तारखा आणि आय-२० वरची प्रवासाची सही वेळोवेळी बघत राहा. त्यात गडबड झाली तर घरी याल, पण परत जाणं अडेल.

आईने 'एवढ्या लांब?' असं विचारलं, तर सोळा तास सांगून विषय मिटवू नका. पस्तीस सांगा, आणि त्या पस्तीस तासांची आपण काय तयारी केलीय, तेही सांगा. तिला खरं तर तेच ऐकायचं असतं.