वस्तू आपली, किल्ली कंपनीची

संगणकावर विमान चालविण्याचा छंद आता केवळ मुलांचा खेळ राहिलेला नाही. १९७९ च्या सुमारास ब्रूस आर्टविक यांनी ॲपल २ या छोट्या संगणकासाठी रचलेल्या ‘फ्लाइट सिम्युलेटर’मध्ये खिडकीबाहेर मोजक्या रेषांखेरीज काही दिसत नसे. आज त्याच वंशातील खेळ डोक्यावर आभासी वास्तवाचा हेडसेट चढवून खेळता येतो. मान वळविली की पंख दिसतो, खाली पाहिले की नदी दिसते. या अनुभवाचे मोल कोणी नाकारू नये. परंतु हेडसेट कोणता घ्यावा, या प्रश्नाचे उत्तर जाहिरातीतील किंमत आणि पडद्याची स्पष्टता यांच्या आकड्यांवरून दिले जाते, ते अपुरे आहे. ग्राहकाने प्रथम विचारावयाचा प्रश्न असा की, हे उपकरण किती वर्षे चालेल, हे ठरविणार कोण?

हा श्रीमंतांचा शौक आहे, त्याची चर्चा येथे कशाला, असे काही वाचक म्हणतील. तथापि विमानाच्या नकलेला प्रतिष्ठित इतिहास आहे. १९२९ मध्ये एडविन लिंक यांनी वडिलांच्या ऑर्गन-पियानोच्या कारखान्यातील भाते वापरून पहिले यशस्वी शिक्षणयंत्र बनविले आणि १९३४ मध्ये अमेरिकेच्या लष्कराने अशी सहा यंत्रे विकत घेतली. २०२१ मध्ये युरोपच्या विमानसुरक्षा संस्थेने आभासी वास्तवाच्या हेडसेटवर चालणाऱ्या हेलिकॉप्टर-शिक्षणयंत्राला मान्यता दिली. घरच्या खेळातील तास परवान्यासाठी धरले जात नाहीत. आपल्याकडे व्यावसायिक वैमानिकास २०० तासांच्या उड्डाणाची अट आहे आणि ती घरच्या खुर्चीवर बसून पुरी होत नाही. तरीही वैमानिक होऊ पाहणारा विद्यार्थी तबकड्यांची ओळख आणि कामांचा क्रम येथे गिरवू शकतो. त्याच्यासाठी कित्येक महिन्यांची बचत मोडणारे पालक श्रीमंत असतातच असे नाही.

विमानाच्या खेळाची गरज इतर खेळांहून वेगळी आहे. तलवार फिरविण्याच्या खेळात हातांत धरावयाची नियंत्रणे महत्त्वाची असतात. वैमानिक मात्र खुर्चीवर बसलेला असतो आणि त्याचे हात जॉयस्टिक व थ्रॉटल यांवर असतात. म्हणून हातांच्या नियंत्रणांसाठी मोजलेला पैसा येथे बहुतांशी वाया जातो. उलट उंचीमापकावरील बारीक आकडे पुढे न झुकता वाचता आले पाहिजेत. निरोगी डोळा एका अंशाच्या कोनात सुमारे ६० बिंदू वेगळे ओळखू शकतो. २०२३ मध्ये आलेल्या मेटा कंपनीच्या क्वेस्ट ३ मध्ये हे प्रमाण सुमारे २५ आहे. शिवाय भिंगांमधील अंतर आपल्या डोळ्यांच्या बाहुल्यांमधील अंतराशी जुळते का, चष्म्याला जागा आहे का, दोन तासांच्या उड्डाणात मानेवर भार किती येतो, या गोष्टी हेडसेट प्रत्यक्ष चढवून पाहिल्यावाचून कळत नाहीत. डोळे वळण सांगतात आणि कानातील तोल सांभाळणारे इंद्रिय ते नाकारते, त्यामुळे काहींना मळमळ होते, हेही ध्यानात ठेवावे.

दुसरी गोष्ट पूरक वस्तूंची. अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्गात चहा आणि साखरेचे उदाहरण देतात. येथे साखर चहाहून महाग आहे. साध्या फुल एचडी पडद्यावर सुमारे २१ लाख बिंदू असतात. दर डोळ्यास २१६० गुणिले २१६० बिंदू दाखविणाऱ्या हेडसेटला दोन्ही डोळ्यांचे मिळून ९३ लाखांहून अधिक बिंदू रंगवावे लागतात, म्हणजे साडेचारपट. साध्या पडद्यावर सेकंदाला ३० चित्रे मिळाली तरी विमानाचा खेळ चालून जातो. हेडसेटमध्ये ९० चित्रे हवी असतील, तर एका चित्रास जेमतेम ११ सहस्रांश सेकंद मिळतो. हे ओझे संगणकातील ग्राफिक्स कार्डाला पेलावे लागते. तात्पर्य, हेडसेटच्या किंमतीत कार्डाची किंमत मिळविल्याखेरीज अंदाजपत्रक पुरे होत नाही.

परंतु हा सारा हिशेब नीट मांडणाराही कसा फसतो, याचे उदाहरण अलीकडचे आहे. एचपी कंपनीने मायक्रोसॉफ्ट आणि व्हॉल्व्ह यांच्या सहकार्याने रिव्हर्ब जी२ हा हेडसेट २०२० च्या अखेरीस ५९९ डॉलरला विक्रीस आणला. तबकड्या स्पष्ट दिसत असल्याने विमानाच्या खेळाचे शौकीन त्याच्याकडे वळले. मायक्रोसॉफ्टने आपल्या फ्लाइट सिम्युलेटरमधील आभासी वास्तवाच्या सोयीची घोषणा केली, तीही याच हेडसेटच्या नावासह. हा हेडसेट विंडोजमधील ‘मिक्स्ड रिॲलिटी’ या आज्ञावलीवर अवलंबून होता. डिसेंबर २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने ती आज्ञावली मागे घेण्याचे जाहीर केले आणि २०२४ मधील विंडोज ११ च्या २४एच२ या आवृत्तीतून ती काढून टाकली. जुनी आवृत्ती राखून ठेवणाऱ्यांना नोव्हेंबर २०२६ पर्यंतची मुदत दिली. भिंगे शाबूत, पडदा शाबूत, वायर शाबूत, पण वस्तू निरुपयोगी! ज्याने ती पहिल्याच दिवशी घेतली त्याला मुदतीपर्यंत वर्षाला सुमारे १०० डॉलर खर्च पडला. त्याच किंमतीस २०२३ च्या अखेरीस घेणाऱ्याला वर्षाला २०० डॉलर. जुन्या बाजारात विकून थोडे पैसे परत मिळविण्याची आशाही मावळली. २०२५ मध्ये एका अभियंत्याने स्वतंत्रपणे ‘ओॲसिस’ नावाचा ड्रायव्हर विनामूल्य दिला आणि या हेडसेटना पुन्हा जीव आला. परंतु तोही एनव्हिडिया कंपनीची कार्डे असणाऱ्यांनाच. ग्राहकाचा हक्क एखाद्याच्या सौजन्यावर सोडावा काय?

हे उदाहरण एकटे नाही. २०२० मध्ये क्वेस्ट २ घेणाऱ्यास फेसबुकचे खाते उघडणे सक्तीचे होते. टीका झाल्यावर २०२२ मध्ये ती अट निघाली, तरी कंपनीचे वेगळे खाते लागतेच. जॉर्ज ॲकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखविले की, विक्रेत्याला ठाऊक असलेले दोष ग्राहकाला ठाऊक नसले की बाजार बिघडतो. येथे तर दोष वस्तूत नसून विक्रेत्याच्या भावी निर्णयात आहे. तो ग्राहकाने कितीही निरखून पाहिले तरी दिसावयाचा नाही.

कंपन्यांची बाजू अशी की, तंत्रज्ञान झपाट्याने बदलते, तोट्यातील उत्पादन जन्मभर सांभाळता येत नाही. हे म्हणणे रास्त आहे; जन्मभराची हमी कोणी मागतही नाही. मागणी एवढीच की, शेवटची तारीख आधी सांगावी आणि जाताना किल्ली ग्राहकाच्या हाती द्यावी. हे अशक्य नाही. ऑक्युलस गो हा हेडसेट बंद केल्यावर फेसबुकनेच २०२१ मध्ये त्याची कुलूप काढलेली प्रणाली उपलब्ध करून दिली होती.

कायदाही या दिशेने चालू लागला आहे. ब्रिटनमध्ये एप्रिल २०२४ पासून इंटरनेटशी जोडता येणाऱ्या उपकरणांच्या उत्पादकाला सुरक्षाविषयक सुधारणा किमान किती काळ पुरविणार, हे जाहीर करावे लागते. युरोपीय संघाने २०२४ मध्ये संमत केलेल्या कायद्यात हा काळ सर्वसाधारणपणे किमान पाच वर्षांचा धरला असून मुख्य बंधनांसाठी डिसेंबर २०२७ ही तारीख ठरली आहे. दोन्ही कायद्यांचा रोख सुरक्षेवर आहे, उपयोगितेवर नाही. तरी तत्त्व मान्य झाले. आपल्याकडे २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आहे. दुरुस्तीच्या हक्कासाठी केंद्राने डिसेंबर २०२२ मध्ये संकेतस्थळही उघडले. वेष्टनावर कमाल किरकोळ किंमत छापण्याची सक्ती आहे. औषधाच्या बाटलीवर मुदत छापतात, तशी ज्या वस्तूचे आयुष्य आज्ञावलीवर अवलंबून आहे तिच्यावर ‘अमुक तारखेपर्यंत चालविण्याची जबाबदारी आमची’ असे छापण्याची सक्ती का नसावी? दूरचित्रवाणी संच, मोबाइल, घड्याळ या साऱ्यांना हा प्रश्न लागू आहे.

तोवर ग्राहकाने स्वतःचे रक्षण स्वतःच करावे. ‘ओपनएक्सआर’ हे खुले मानक पाळणारा हेडसेट घ्यावा. मात्र तेवढ्यावर विसंबू नये, कारण रिव्हर्बही ते पाळीतच होता. उपकरण खात्यावाचून चालते का, दुरुस्ती कोण करणार, एकापेक्षा अधिक कंपन्यांची कार्डे त्याला चालतात का, हे विचारावे. एकूण खर्चाला पदरात पडतील अशा खात्रीच्या वर्षांनी भागावे आणि जो आकडा येईल तीच खरी किंमत मानावी. ती परवडत नसेल, तर साधा पडदा आणि चांगली जॉयस्टिक यांवरही उड्डाण शिकता येते. आणि ज्या दुकानदाराला शेवटची तारीख सांगता येत नाही, त्याला आपण रोख पैसे का द्यावेत, याचा विचार प्रत्येकाने करावा.