सिमेंटला फळी, माणसाला भिंत

दोस्तांनो, बांधकाम सुरू व्हायच्या आधी एक नकाशा काढतात. इमारतीचा नव्हे, साइटचा. गेट कुठं, क्रेन कुठं उभी करायची, सळई कुठं उतरवायची, खडी-वाळूचे ढीग कुठं, सिमेंटचं गोडाऊन कुठं, साहेबाचं ऑफिस कुठं. इमारत उभी राहिली की हे सगळं मोडायचं, म्हणून ते 'टेम्पररी'. असा नकाशा मी काढलाय. डिप्लोमा करून पहिल्या साइटवर लागलो तेव्हा. सगळं मापात होतं. फक्त माणसं राहणार कुठं, तेवढं त्यात नव्हतं. विचारलं तर साहेब म्हणाला, "मागं उरेल तिथं पत्रे ठोकतील ते."

मागं उरतं काय? सखल कोपरा, जिथं पाणी साचतं. खोदाईची कड. नाहीतर शेजारच्या सोसायटीच्या भिंतीचा आडोसा. भिंत मिळाली की एका बाजूचे पत्रे वाचतात, ठेकेदार खूश. गावाची आखणी करणाऱ्यांनी आपला वाडा कुठं टाकला होता ते आठवा. गावचं सांडपाणी वाहत येतं त्या अंगाला. त्यांच्यापैकी कुणी डिप्लोमा केला नव्हता. मी केला होता, गळ्यात बाबासाहेबांचं लॉकेट होतं, आणि माझ्या पेन्सिलीनंही तेच केलं.

आता सिमेंटचं ऐका. आयएस ४०८२ नावाचं भारतीय मानक आहे, साइटवर माल कसा रचायचा त्याचं. गोणी जमिनीला टेकवायची नाही. फळ्यांवर ठेवायची, खाली १५ ते २० सेंटिमीटर मोकळं. आणि बाहेरच्या भिंतीपासून चारी बाजूंनी लांब. का, तर ओल लागेल! टेप लावून हे मी रोज तपासायचो. त्याच साइटवर बिगाऱ्याचं पोर भिंतीला डोकं लावून ओल्या भुईवर झोपायचं. तिथं टेप लावायला मला कुणी सांगितलं नाही, आणि मीही लावली नाही.

२९ जून २०१९. मध्यरात्र उलटलेली. पुण्यात कोंढव्याला एका सोसायटीची संरक्षक भिंत शेजारच्या साइटवरल्या पत्र्याच्या खोल्यांवर कोसळली. बिहार-बंगालकडून पोटासाठी आलेले, १५ जण झोपेतच गेले. पोरंसुद्धा होती त्यात. चार दिवसांच्या आत आंबेगावला कॉलेजची भिंत पडली, आणखी ६ गेले. पाऊस लई झाला, म्हणाले. झाला असेल. पण खोल्या भिंतीला चिकटवून पावसानं बांधल्या नव्हत्या.

कायदा नव्हता असं नाही. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्यानं सांगितलं होतं : काम चालेल तोवर राहायला फुकट जागा द्या, स्वयंपाक, आंघोळ, धुणं, संडास यांची वेगळी सोय करा. पिण्याचं पाणी संडास-मोरीपासून ६ मीटरच्या आत नको. ५० च्या वर बाया असतील तर सहा वर्षांखालच्या पोरांना पाळणाघर. आमच्या साइटवर बायांचा आकडा कधी वाढायचाच नाही. नवराबायकोची जोडी एकाच नावावर चढवायची, नवऱ्याच्या. वहीत बाईच नाही तर पाळणा कुणासाठी बांधणार? आता २०२० च्या संहितेत हा कायदा घातलाय. पुस्तक बदललं, मुकादमाची वही तीच.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की भांडण नकाशावर करा. पत्रे ठोकून झाल्यावर मोर्चा काढून खोल्या सरकत नाहीत. काम सुरू करायची परवानगी मागताना बिल्डर नकाशे देतो ना, त्यात मजुरांच्या खोल्या, नळ, संडास, पाळणाघर मापासकट दाखवल्याशिवाय परवानगी नको. भिंत जेवढी उंच, त्याहून लांब खोली. उंच कोरडी जागा आधी माणसाला, मग सिमेंटला. त्याला फळ्या आहेतच.

आणि सवलतीवर शिकून ड्रॉइंग टेबलाशी बसलेल्या आपल्या पोरांनो, हे तुम्हालाही आहे. साहेबानं विचारायच्या आत तो चौकोन काढा. खोडला तर पुन्हा काढा.

पुढच्या अंकापासून आम्ही साइटचे नकाशे छापणार आहोत. खोली, भिंत, खड्डा, नळ, संडास, मधलं अंतर पावलांनी मोजलेलं. चित्र वाकडं आलं तरी चालेल, वहीच्या पानावर काढून पाठवा. पहिला नकाशा मी माझ्या त्या साइटचा देतोय.

जय भीम.