देवी गेल्या, मग अभ्यास कशास?

सन १९८० मध्यें जागतिक आरोग्य संघटनेनें देवीचा रोग पृथ्वीवरून नाहींसा झाल्याचें जाहीर केलें. “मग त्या जातीच्या विषाणूंचा अभ्यास आतां कशास?” असें विद्यार्थी विचारतात, आणि पालकही विचारतात. शिवाय १७९६ मध्यें जेन्नरनें लस टोचली, ती विषाणु म्हणजे काय हें ठाऊक नसतांनाच! प्रश्न रास्त आहे. तथापि हा अभ्यास सोडणें शहाणपणाचें होणार नाहीं, असें आमचें मत आहे.

देवीच्या लशींतील व्हॅक्सिनिया विषाणूचेंच उदाहरण घेऊं. त्याच्याजवळ सुमारें २०० जनुकें असतात. डीएनए बाळगणारे बहुतेक विषाणु आपल्या जनुकांच्या आरएनए-प्रती काढण्यासाठीं पेशीच्या केंद्रकांतील सामग्री उसनी घेतात. हा मात्र केंद्रकाबाहेरच राहतो. कारण प्रती काढणारें यंत्र तो स्वतःबरोबर आणतो. ही गोष्ट १९६७ मध्यें उघडकीस आली. परंतु नुसत्या यंत्रानें भागत नाहीं. आरंभ कोठून करावा, हें त्यास कोणी दाखवावें लागतें. तें काम दोन भागांचें बनलेलें एक प्रथिन करतें. आरंभींच्या जनुकांपुढील खुणेस तें चिकटतें, आणि थोड्याच मिनिटांत प्रती निघूं लागतात. त्यांपासून डीएनएची वाढ करणारीं प्रथिनें होतात. वाढ झाल्यावर मधल्या जनुकांची पाळी येते. आणि मधलीं जनुकें शेवटच्यांस जागें करतात. शेवटच्या जनुकांपासून नव्या विषाणूंच्या बांधणीचें साहित्य तयार होतें, आणि त्याबरोबर तेंच आरंभ करणारें प्रथिनही! शेतकरी पुढील पेरणीचें बियाणें राखून ठेवतो, तसें तें नव्या विषाणूंत भरून ठेवलें जातें.

शत्रूचें बळ असें क्रमांत आहे. म्हणून क्रम कळला कीं तो कोठें तोडावा हेंही कळतें. डीएनएची वाढ रोखली, तर शेवटचीं जनुकें जागींच होत नाहींत. ब्रिन्सिडोफोव्हिर हें औषध नेमकें तेथेंच अडथळा आणतें. अमेरिकेंत २०२१ मध्यें देवीवरील उपचारासाठीं त्यास मान्यता मिळाली.

देवी गेल्यावर टोचणीही थांबली. त्यामुळें आजच्या तरुण पिढीस तें संरक्षण नाहीं. २०२२ मध्यें त्याच कुळांतील एमपॉक्स अनेक देशांत पसरला, तेव्हां हें सर्वांस उमगलें. लस निरोग्यास राखते. आजारी पडलेल्यास मात्र औषध हवें, आणि तें केवळ सुदैवानें सांपडत नाहीं.

म्हणून पालकांस विनंती कीं, मुलानें असा प्रश्न विचारल्यास “हें परीक्षेंत येणार नाहीं” म्हणून त्यास गप्प करूं नये. शत्रु दृष्टीआड झाला, म्हणून पहारेकऱ्यानें डोळे मिटावयाचे नसतात.