पंचाची शिट्टी मोठ्यांपुढे का अडखळते?

जानेवारी 2023. पुण्यात महाराष्ट्र केसरी स्पर्धा. आखाड्यात समोरासमोर आपल्याच सोलापूर जिल्ह्याचे दोन मल्ल : मंगळवेढा तालुक्यातला महेंद्र गायकवाड आणि मोहोळचा सिकंदर शेख. पंचांनी बाहेरील टांगेच्या डावावर महेंद्रला चार गुण दिले आणि राज्यभर वाद पेटला. निर्णयाबद्दल मतभेद असू शकतात. पण पंचाला फोनवरून धमकी आली, प्रकरण पोलिसांत गेले! नियम पाळायला लावणाऱ्यानेच संरक्षण मागायचे, ही कसली खिलाडूवृत्ती?

कुस्तीत दडपण चाहत्यांचे, तर बास्केटबॉलमध्ये ते नामांकित प्रशिक्षकांचे. प्रशिक्षकाने पंचाचा अपमान केला तर त्याला तांत्रिक फाऊल देता येतो. स्वतःच्या गैरवर्तनाबद्दल असे दोन फाऊल झाले की त्याला सामन्याबाहेर जावे लागते. नियम स्पष्ट आहे. मग साध्या शाळेच्या प्रशिक्षकाला लगेच फाऊल आणि बड्या प्रशिक्षकाला मात्र 'सर, जरा शांत राहा' अशी विनवणी का?

कारण उघड आहे. पंच तुटपुंज्या मानधनावर राबतो. पुढच्या स्पर्धेला त्याला बोलवायचे की नाही, हे पदाधिकारी ठरवतात आणि बड्या प्रशिक्षकाची ऊठबस त्यांच्यातच असते. शिट्टी वाजवली तर पंच एकटा पडतो; नाही वाजवली तर कोणी जाब विचारत नाही!

अमेरिकेत 23 फेब्रुवारी 1985 रोजी इंडियाना विद्यापीठाचे प्रशिक्षक बॉबी नाईट यांनी भर सामन्यात मैदानात खुर्ची फेकली. पंचांनी त्यांना बाहेर काढले. पुढे बंदी किती? फक्त एका सामन्याची! विद्यापीठाने त्यांना पदावरून दूर करायला 2000 साल उजाडले. म्हणजे एकट्या पंचाने कणखर होऊन भागत नाही. संस्थेलाही कणा लागतो.

बाबासाहेबांनी 25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेत विभूतिपूजेचा धोका सांगितला होता. तो इशारा मैदानालाही लागू आहे. माणूस पाहून नियम वाकला की मरण होते ते बिनवशिल्याच्या खेळाडूचे.

म्हणून पंचांच्या नेमणुका पाळीने व्हाव्यात, कोणाच्या मर्जीने नव्हे. प्रत्येक गैरवर्तनाचा लेखी अहवाल घ्यावा आणि त्यावर कारवाई करावी. पंच चुकला तर त्याच्याविरुद्धही लेखी दाद मागता यावी. नाव न पाहता शिट्टी वाजेल, तोच खरा खेळ. बाकी सारी हुजरेगिरी!